आता घर तुम्हाला राहतं

आईची वाचा गेली होती ती एका सकाळी परत आली, तेव्हा बाबा आणि मी दोघंही रडायच्या बेतात होतो. मग ती काय बोलली ते कळलं. ते रंगाच्या जाहिरातीचं वाक्य होतं.

"आता घर तुम्हाला राहतं," आई म्हणाली.

अगदी स्पष्ट म्हणाली. माघात तिला झटका आला होता, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. 'पाणी' नाही, 'नको' नाही, माझं नाव नाही. घशातून नुसता एक घोगरा सूर निघायचा आणि तो निघाला की तिचीच तिला लाज वाटून ती भिंतीकडे तोंड करायची. आणि आता हे. सलाइन बदलायला आलेली नर्स खूश झाली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

"वृषा, काय म्हनाली ते?" बाबांनी विचारलं. त्यांना ऐकू नीट आलं होतं, पण खात्री हवी होती.

"हिवाळीची जाहिरात," मी म्हटलं.

आमच्या अकोल्यात तुम्ही उन्हाळ्यात कधी आला असाल तर हिवाळी म्हणजे काय ते सांगायला नको. पारा पन्नाशीला टेकायला लागल्यापासून गावात दुपारबंदी असते. अकरा वाजता भोंगा होतो, रस्ते ओस पडतात आणि ऊन कलल्यावर माणसं पुन्हा बाहेर येतात. लग्नं पहाटे लागतात. अशा गावात ऊन परत आभाळाकडे फेकणारा भिंतीचा रंग कुणीतरी काढला आणि त्याचं नाव ठेवलं हिवाळी. रंग चांगला होता, खोटं कशाला बोलू. आमच्याही घराला आहे. पण त्याची जाहिरात अशी होती: 'उंबऱ्यावर ऊन, भिंतीत गारवा, आता घर तुम्हाला राहतं.'

घर तुम्हाला राहतं म्हणजे काय? मी अमरावतीला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी करते. मराठीचा मक्ता काही मी घेतलेला नाही. तरी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाताखाली कचकन काहीतरी आलं. त्या दिवसांत सगळीकडे असलंच चाललं होतं. टूथपेस्टवाले म्हणत, 'दात तुमचे, हसा आमचं.' एक बँक म्हणे, 'आज तुम्ही उद्या झालात का?' लोक हसायचे, टर उडवायचे, वर्तमानपत्रांत कुणी कुणी संतापून पत्रं लिहायचे. जाहिरातवाल्यांना मराठी येत नाही, असाच सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

त्यांना मराठी फार चांगलं येत होतं, हे डॉ. सबा देशमुखांनी आम्हाला सांगितलं.

सबा मॅडम वाचा गेलेल्या माणसांवर उपचार करतात. बाई माझ्याच वयाच्या, आवाज हळू, आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत खरंच थांबणाऱ्या. त्यांनी आईला तपासलं, मग आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं.

"तुम्ही वाक्य ऐकता तेव्हा तुमचा मेंदू कानाच्या पुढे धावत असतो," त्या म्हणाल्या. "मी 'आईने पोळी' एवढंच म्हटलं की 'लाटली', 'भाजली', 'वाढली' हे शब्द आत तयार होऊन बसतात. त्यातला एक आला की वाक्य पचलं. मेंदू ते विसरून पुढे जातो. मी 'आईने पोळी आकाश' म्हटलं, तर मेंदू ते थुंकून टाकतो. पण या दोन्हींच्या मधलं काही आलं, म्हणजे अर्थ लागेल असं वाटतं आणि लागत नाही, तर आत दुरुस्तीची एक लहर उठते. डोक्याला तारांची टोपी घातली की ती कागदावर दिसते. साधारणपणे लहर उठते आणि शमते. या कंपन्यांनी एक यंत्र बनवलं. ते लाखो वाक्यं तयार करतं, टोप्या घातलेल्या माणसांना ऐकवतं, आणि जिची लहर शमतच नाही अशी ओळ शोधून काढतं. त्या धंद्यात तिला खडा म्हणतात. भातातला असतो ना, तो. मेंदू तो चावत राहतो. आठ दिवस, आठ वर्षं."

"म्हणजे ते वाक्य चुकून तसं नाही," मी म्हटलं.

"ते फार मेहनतीने तसं केलेलं आहे."

"पन आमच्याच घरात काहून निंगालं मॅडम?" बाबांनी विचारलं. "बाकीचं सगळं गेलं न् हेच राह्यलं?"

त्याचंही उत्तर मॅडमकडे होतं. आपण जुळवून बोलतो ती भाषा डावीकडे असते. पण पाठ झालेलं सगळं, म्हणजे आरत्या, पाढे, शिव्या, गाणी, हे अख्खंच्या अख्खं दुसरीकडे ठेवलेलं असतं. झटक्यातून ते पुष्कळदा वाचतं. ज्याला 'पाणी' म्हणता येत नाही तो माणूस अख्खी आरती म्हणतो. तेव्हा आईला पाठ असलेलं काहीतरी शोधायचं, त्याची पहिली ओळ आपण म्हणायची, दुसरी तिच्याकडून काढायची, आणि त्या दोराला धरून हळूहळू बाकीचे शब्द वर ओढायचे.

"त्यांना अगदी पक्कं पाठ असलेलं, आणि जवळचं असं काय आहे?" मॅडमनी विचारलं.

बाबा लाजले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण मी त्यांचे कान लाल झालेले पाहिले.

"उखाना आहे एक," ते म्हणाले.

बाबांचं गावंडे बिछायत केंद्र. मांडव, गाद्या, भांडी, माइक, सगळं भाड्याने देण्याचा धंदा. म्हणजे गावातल्या सगळ्या नवऱ्या मुलींनी बाबांच्या माइकवर नाव घेतलेलं. बाबांनी किती उखाणे ऐकले असतील याची गणती नाही. पण आईचा एकच होता. लग्नात घेतला तोच तिने माझ्या बारशाला घेतला, तोच हळदीकुंकवाला, तोच माझ्या लग्नात. बायका म्हणायच्या, प्रमिलाताई, आतातरी नवीन घ्या. ती म्हणायची, मले हाच बसते तोंडात.

'मांडवाच्या खांबाला आंब्याची डहाळी, दिगंबररावांचं नाव घेते लग्नाच्या सकाळी.'

"आणि एरवी घरात त्या तुम्हाला नावाने हाक मारायच्या?" मॅडमनी विचारलं.

"नाई जी. 'अवो' म्हने."

"रागात?"

"रागात तर तेही नाई म्हने."

"म्हणजे तुमचं नाव त्यांच्या तोंडात त्या एकाच जागी आहे," मॅडम म्हणाल्या.

हे वाक्य बाबांच्या मनात घर करून बसलं. घरी येताना गाडीत ते मला म्हणाले, "खरंच की वृषा. कागदावर लिहिलं असंल तिनं कुठं कुठं. पन तोंडानं फक्त तेवढंच." मला तेव्हाच कळलं की आई पुन्हा बोलावी हे आम्हा दोघांनाही हवं होतं, पण बाबांना त्याहून नेमकं काहीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. आईचा डावा हात हातात घेतला, त्यावर ताल धरला आणि गाण्यासारखं म्हटलं, "दि-गं-बर. म्हणा काकू. दि-गं-बर." आईने ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि डोक्यावर नसलेला पदर डाव्या हाताने पुढे ओढला. झटक्याने सगळं नेलं होतं, ती लाज तेवढी ठेवली होती. मॅडम हसल्या. बाबाही हसले, पण आत कुठेतरी सुखावलेसुद्धा.

मग मॅडमनी उखाण्याची पहिली ओळ म्हटली. "मांडवाच्या खांबाला आंब्याची डहाळी..."

आईचा चेहरा उजळला. एवढे दिवस जिथे काहीच नव्हतं तिथे दिवा लागावा तसा. तिने बाबांकडे पाहिलं, तोंडभर हसली, श्वास घेतला आणि म्हणाली,

"आता घर तुम्हाला राहतं."

ती थांबली. चुकलं हे तिला कळलं होतं. तिने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा ती घाईघाईने बोलली, जणू त्या वाक्याला चुकवून पुढे निसटायचं होतं, आणि तरी तेच आलं. मग तिने डाव्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं. हाताखाली ओठ हलत होते. ते दृश्य मी अजून विसरलेले नाही.

मॅडमनी मेंदूची चित्रं काढली, आठवडाभर ती पाहिली आणि आम्हाला बोलावलं. यंत्र वाक्यं तयार करतं ते हवेतून नाही, असं त्या म्हणाल्या. ज्या माणसांसाठी वाक्य बनवायचं त्यांच्या डोक्यात आधीपासून कोणत्या खोबणी आहेत ते यंत्राला शिकवलेलं असतं. घराचा रंग कुठला घ्यायचा हे घरातल्या बाया ठरवतात असं कंपनीला कळलं होतं. आणि मराठी बायकांच्या मनातली सगळ्यात खोल, सगळ्यात जुनी, तोंडपाठ खोबण म्हणजे उखाणा. आधी एक चित्र, मग नाव. 'उंबऱ्यावर ऊन, भिंतीत गारवा' हे चित्र. आणि नावाच्या जागी खडा.

"मापाने कापून बसवलाय," मॅडम म्हणाल्या. "तुमचं नाव पुसलेलं नाही काका. ते खाली आहे. वर हे बसलंय."

"तिच्या डोक्यात माह्या जागेवर रंगाचा डबा बसला म्हना," बाबा म्हणाले. ते विनोद करत होते, पण कुणी हसलं नाही.

आईला आम्ही घरी आणलं. मी बिनपगारी रजा घेतली. आणि मग त्या घरात एक विचित्र संसार सुरू झाला. आईकडे एकच वाक्य होतं आणि ती त्यावर सगळं भागवायला लागली. शेवट वर उचलला की पाणी. सगळं सपाट म्हटलं की उशी सरकवा. 'घर'वर जोर दिला की दूध उतू चाललंय. आणि रागाने म्हणाली की तो फक्त बाबांसाठी असायचा. मला यातलं निम्मंही कळायचं नाही. बाबांना सगळं कळायचं. पुढे पुढे ते उत्तरही त्याच वाक्याने द्यायला लागले. मी ओट्याशी उभी असायची आणि मागे ते दोघं पुढच्या खोलीत बसून ते वाक्य एकमेकांना देत-घेत असायचे, लहान-मोठ्या सुरात, मध्ये हसत.

मॅडमनी बाबांना बजावलं होतं. "तुम्ही ते म्हणू नका काका. ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं. बोललेली खोबण खोल जाते. ज्या बाईंनी ही जाहिरात आपल्या आवाजात म्हटली त्यांनी ती कंपनीला पसंत पडेपर्यंत दिवसभर म्हटली होती. आता त्या माझ्याच ओळखीच्या एका डॉक्टरकडे आहेत. त्यांना झटका वगैरे काही आलेला नाही."

"मॅडमले म्हना, मी काय दिवसभर म्हनतो?" बाबा मला घरी म्हणाले. "ते बोलते तर तिले कोनी उत्तर नाई द्याचं?"

"ती बोलत नाही बाबा. ती जाहिरात करते."

"तुले कळत नाई म्हनून ते बोलत नाई, असं नाई होत वृषा."

मला तेव्हा फार राग आला. माझ्या आईच्या तोंडाची भिंत झाली होती आणि कुणीतरी त्यावर रंगवून गेलं होतं. बाबा त्या भिंतीशी गप्पा मारत होते.

शेजारच्या टापरेंच्या मुलीचं लग्न आलं. मांडव आमचाच. बाबा स्वतः माइकपाशी उभे होते, आईला मी चाकाच्या खुर्चीतून नेऊन मागच्या रांगेत बसवलं होतं. उजाडता उजाडता लग्न लागलं, पंगती उठल्या आणि बायकांनी नवरीला घेरलं. नाव घे, नाव घे. पोरीने फोनवरून उखाणा पाठ केला होता. धीट पोरगी, माइक हातात घेऊन म्हणाली, "तांब्याच्या कळशीत पूर्णेचं पाणी..."

आणि थांबली. मग म्हणाली, "आता घर तुम्हाला राहतं."

मांडव खदखदून हसला. ती स्वतःही हसली, कपाळावर हात मारला आणि पुन्हा सुरुवात केली. तांब्याच्या कळशीत पूर्णेचं पाणी. आता घर तुम्हाला राहतं. या वेळी हसू कमी झालं. तिसऱ्यांदा ती अर्ध्यात थांबली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं असं नाही. ते तिला त्या जागी सापडत नव्हतं. तिची आत्या पुढे झाली. "आण इकडे, मी दाखवते कसं घेतात ते." आत्याने मोठ्या दिमाखात सुरुवात केली आणि तिचंही तेच झालं. या वेळी मागच्या खुर्च्यांवरून आणखी तीन-चार बायकांनी तिच्याबरोबर ते म्हटलं, नकळत, आरतीत सूर मिळवावा तसं. त्यांत माझ्या आईचा आवाज सगळ्यात खणखणीत होता.

बाबांनी माइक बंद केला.

त्या दिवशी मी हट्टाला पेटले. मॅडमकडे एक उपचार होता, त्याला त्या निचरा म्हणत. डोक्याला चुंबकाची टोपी लावायची, खोबणीवर नेमके ठोके द्यायचे आणि त्याच वेळी ते वाक्य दुरुस्त करून ऐकवायचं. आता तुम्ही घरात राहता. आता तुम्ही घरात राहता. मेंदू इतकी वर्षं जी दुरुस्ती शोधत होता ती त्याला मिळते, लहर शमते, खडा विरघळतो. पण त्याच खोबणीत खाली जे आहे ते सुटून वर येईल की खड्याबरोबर विरघळून जाईल, हे आधी सांगता येत नाही. मॅडमनी काही लपवलं नाही. "आज त्यांच्याकडे एक वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "नंतर कदाचित एकही नसेल."

बाबा नको म्हणत होते. मी म्हटलं, "तुम्हाला तुमचं नाव ऐकायचं नाही का?"

असं विचारायला नको होतं. बाबांचा चेहरा उतरला.

"ऐकाचं आहे," ते म्हणाले. "लई ऐकाचं आहे. म्हनूनच तर भ्या वाटते. उद्या नावाची आस धरून मीच तिची वाचा घालवली असं होईन."

"मग तिलाच विचारा. तिला सगळं समजतं."

बाबांनी विचारलं. आईसमोर जमिनीवर बसले आणि जे जसं होतं तसं सांगितलं. नाव येईल, किंवा काहीच राहणार नाही. माझ्यासाठी हो म्हणू नको, असंही म्हणाले. आईने शांतपणे ऐकलं. मग ती बोलली, तेच वाक्य, पण मी आधी कधी न ऐकलेल्या सुरात, फार हळू, प्रत्येक शब्द वेगळा करत. आणि मान हलवली. होकाराची.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनते, हे माह्यं नाई, काढून टाका," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

निचरा झाला. आईला दुखलं नाही. टोपी काढल्यावर मॅडमनी जाहिरातीची पहिली ओळ म्हटली, 'उंबऱ्यावर ऊन, भिंतीत गारवा', आणि आईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. खडा गेला होता. मी मनात म्हटलं, सुटलो. मग मॅडमनी म्हटलं, 'मांडवाच्या खांबाला आंब्याची डहाळी'. आई ऐकत होती. चेहऱ्यावर ओळख होती, दुसरं काही नव्हतं. मॅडमनी पुन्हा म्हटलं. बाबांनी म्हटलं. आईने तोंड उघडलं आणि तो जुना घोगरा सूर आला, आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी अमरावतीला परत गेले. रजा संपली होती हे खरं, पण त्या घरात मला थांबवत नव्हतं हेही खरं. शांतता अशी की भांड्यावर झाकण ठेवलं तरी दचकायला व्हायचं. मी रोज फोन करायची. बाबा सांगायचे, खाल्लं, झोपली, मॅडमकडे नेलं, काही नाही. महिनाभर असंच. मग त्यांच्या आवाजात जरा जीव आला. "मी शिकवू रायलो तिले," ते म्हणाले.

"काय शिकवता?"

त्यांनी आढेवेढे घेतले. "जे येत होतं तेच. तेवढं एक जरी परत आलं ना वृषा, तरी घरात बोलनं होईन."

मला हसावं की रडावं कळेना. ज्या वाक्याने त्यांची जागा खाल्ली ते वाक्य माझे बाबा माझ्या आईला पाठ करून देत होते. सकाळी उठल्यापासून म्हणायचे, तिच्यासमोर बसून, ती सगळ्या सुरांत म्हणायची तसं. पाण्याचं, उशीचं, दुधाचं. तिने एकदा तरी धरावं म्हणून. मी ओरडले. मॅडमनी काय सांगितलंय ते आठवतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, हो हो, आणि विषय बदलला.

नंतर एकदा फोन लावला तर पलीकडून 'हॅलो' आलं नाही.

"आता घर तुम्हाला राहतं," बाबा म्हणाले. मग गडबडून, "वृषा, तू आहे काय? बोल, बोल." त्यांना वाटलं मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात भाजीवाल्याने टापरेंना सांगितलं, टापरेंनी मला. गावंडे काकांना मेथीचा भाव विचारायचा होता. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि पिशवी तिथेच ठेवून निघून गेले.

मी मिळेल त्या गाडीने अकोल्याला पोहोचले. भोंगा व्हायला वेळ होता, दार उघडं होतं. पुढच्या खोलीत आई तिच्या खुर्चीत बसली होती आणि समोर स्टुलावर बाबा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ते म्हणत होते. पाण्याच्या सुरात नाही, उशीच्या नाही, कुठल्याच सुरात नाही. सरळ, सपाट, श्वासाला श्वास जोडून. आता घर तुम्हाला राहतं. आता घर तुम्हाला राहतं.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं, मदत मागावी तसे दोन्ही हात माझ्याकडे आले. पण तोंड थांबलं नाही. मी खांदे धरले, हलवलं, पाणी पाजायला गेले तर पाणी ओठांवरून ओघळलं, कारण ओठांना गिळायला सवड नव्हती.

आईने मला डाव्या हाताने बाजूला सारलं. वाकली आणि बाबांच्या तोंडावर हात ठेवला. दवाखान्यात एकदा स्वतःच्या तोंडावर ठेवला होता तसा घाबरून नाही. घट्ट, घरच्या माणसाने ठेवावा तसा. बाबा तिच्याकडे बघत राहिले. हाताखाली ओठ हलत होते.

आईने तोंड उघडलं. घोगरा सूर आला. तिने तो गिळला. पुन्हा आला. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. मला वाटलं, हिला पुन्हा झटका येतोय. मी फोनकडे धावणार तोच ती बोलली.

"दि," आई म्हणाली. "दिगं. दिगंबर."

उखाण्यात नाही. मांडव नाही, डहाळी नाही, राव नाही, नाव घेते नाही. नुसतं नाव, लेकीसमोर, भर सकाळी, दार उघडं असताना. सगळ्या आयुष्यात तिने जे केलं नव्हतं ते तिने केलं. हरवत चाललेल्या माणसाला आपण मागून हाक मारतो तशी ती हाक होती.

बाबांनी ते ऐकलं. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांचा सगळा चेहरा आईकडे वळला, आणि तेवढ्या क्षणापुरते तिच्या हाताखालचे ओठ थांबले. आईने हात काढून घेतला, त्यांना ओ देता यावी म्हणून. ती वाट पाहत होती. मीही पाहत होते.

"आता घर तुम्हाला राहतं," बाबा म्हणाले, फार प्रेमाने.

आईने पुन्हा हाक मारली. आता ते तिला जमायला लागलं होतं. "दिगंबर," ती म्हणाली, आणि पुन्हा, "दिगंबर." भोंगा झाला, मी दार लावून घेतलं. ती हाक मारत राहिली आणि तेच उत्तर येत राहिलं. मी दोघांच्या मध्ये जमिनीवर बसले.